खाडीतला ॲबोलेथ: डीएमसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा काल्पनिक साहसांचा खेळ चालवणाऱ्या डीएमकडून (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस सांभाळणारा सूत्रधार) ॲबोलेथ या राक्षसाविषयी जे प्रश्न पुनःपुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सर्व आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधील नियमांप्रमाणे आहेत. उदाहरणांसाठी ठाणे खाडीच्या धर्तीवर बेतलेले एक काल्पनिक कोळी गाव घेतले आहे, कारण तिवरे, गाळ आणि भरती-ओहोटी आपल्याकडच्या खेळाडूंना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ॲबोलेथ म्हणजे नेमके काय, आणि पाण्यातल्या इतर राक्षसांपेक्षा तो वेगळा कसा?

ॲबोलेथ हा माशासारख्या अंगाचा, एकाखाली एक असे तीन डोळे आणि चार लांब शुंडा असलेला जलचर आहे. १९८१ साली डेव्हिड कुक यांनी लिहिलेल्या एका साहसात तो पहिल्यांदा आला. प्रत्येक ॲबोलेथकडे आपल्या पूर्वजांची सगळी स्मृती उपजत असते आणि तो काहीही विसरत नाही, त्यामुळे देवांच्याही आधीचा काळ त्याला काल घडल्यासारखा आठवतो. देवांनी आपले राज्य मोडले ही गोष्ट त्याने सोडून दिलेली नाही. क्राकेन जहाजे बुडवतो, ड्रॅगन सोने साठवतो. ॲबोलेथ माणसे साठवतो. म्हणून त्याला साहसात आणताना तो किती जोरात मारतो हे पाहण्याआधी, या गावाकडून त्याला काय हवे आहे आणि त्यासाठी तो किती पिढ्या थांबायला तयार आहे, हे डीएमने स्वतःपुरते लिहून ठेवावे. ते ठरले की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप होतात.

आमचा गट सातव्या लेव्हलचा आहे. सामना झेपेल का?

झेपेल, पण तो कुठे होतो यावर बरेच अवलंबून आहे. ॲबोलेथचा आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) १७, हिट पॉइंट्स (जीवशक्ती) १३५, पाण्यातला वेग ४० फूट आणि जमिनीवरचा अवघा १० फूट आहे. चॅलेंज रेटिंग (राक्षस किती अवघड याचा आकडा) १०, म्हणजे ५,९०० एक्सपी (अनुभवाचे गुण). पुस्तकी हिशेबाने चौघांच्या गटाला हा सामना सहाव्या लेव्हलला जीवघेणा, सातव्या-आठव्याला कठीण आणि नवव्या-दहाव्याला मध्यम पडतो. मात्र त्याच्याकडे लेजेंडरी रेझिस्टन्स (चुकलेला बचाव जमला असे ठरवण्याची शक्ती) नाही, त्यामुळे कोरड्यावर एकटा सापडलेला ॲबोलेथ एकाच चांगल्या मंत्राने निकालात निघू शकतो, आणि तोच गढूळ पाण्यात, मनावर ताबा मिळवलेले चार गुलाम आजूबाजूला असताना, दहाव्या लेव्हलच्या गटालाही जड जातो. त्याने पाण्याबाहेर यावे असे एकही कारण नसते. खेळाडूंनी त्याला बाहेर खेचण्याची युक्ती शोधली, तर ते त्यांचे श्रेय आहे. डीएमने ते आयते देऊ नये.

एखाद्या खेळाडूचे पात्र ॲबोलेथच्या ताब्यात गेले, तर ते पात्र कोणी चालवायचे?

या प्रश्नाचे उत्तर नीट दिले नाही तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

नियम असा आहे: ॲबोलेथ दिवसातून तीन वेळा, ३० फुटांच्या आत दिसणाऱ्या एका जिवावर मनाचा ताबा घेण्याची शक्ती वापरू शकतो. डीसी १४ चा विज्डम सेव्ह (फासा आणि पात्राची भर मिळून किमान १४ आणून करायचा बचाव) चुकला की ते पात्र चार्म्ड (मोहित) होते, ॲबोलेथच्या ताब्यात जाते आणि पात्राला रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती) घेता येत नाही. ॲबोलेथ मरेपर्यंत, किंवा दोघे वेगवेगळ्या प्लेनवर (विश्वाच्या वेगळ्या पातळीवर) जाईपर्यंत, ही अवस्था टिकते. ताब्यातले पात्र टेबलावर कोण चालवणार, याविषयी नियम काही बोलत नाही. पुष्कळ डीएम अशा वेळी कॅरेक्टर शीट स्वतःकडे ओढतात आणि खेळाडू पुढचा तास मोबाईल बघत बसतो. नियमात जी मोकळीक आहे ती खेळाडूच्या बाजूने वापरावी, असे माझे ठाम मत आहे: मालक बदलतो, खेळाडू तोच राहतो.

यासाठी चिठ्ठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे. चिठ्ठीत तीनच गोष्टी असाव्यात: मालकाला काय हवे आहे, काय लपवायचे आहे, आणि पात्राला आता मनापासून काय खरे वाटते आहे. उदाहरणार्थ (क्लेरिक म्हणजे गटातला दैवी मंत्र म्हणणारा पुजारी): ‘आजची भरती ओसरायच्या आत क्लेरिकला तिवरांपाशी आण. त्याला इजा होता कामा नये. कोणी विचारले तर पाण्यात मूल दिसले असे सांग. खाडीतला तो आवाज तुझ्या हिताचाच आहे, याबद्दल तुला शंका नाही.’ हे कसे साधायचे ते खेळाडूने ठरवावे. सामान्यतः खेळाडू या कामात डीएमपेक्षा अधिक कल्पक निघतात, कारण कोणत्या साथीदाराला कोणते बोलणे पटते हे त्यांना ठाऊक असते.

एकालाच चिठ्ठी दिली की सगळे सावध होतात. म्हणून साहसाच्या पहिल्या सेशनपासून प्रत्येकाला काही ना काही चिठ्ठी द्यावी. कोणाला स्वप्न, कोणाला बाजारात कानावर आलेली अफवा, कोणाला नुसते ‘वाचून मान हलव’. विज्डम सेव्हही अधूनमधून सर्वांकडून घ्यावेत आणि ते कशासाठी होते हे सांगू नये. व्हॉट्सॲपवरून निरोप पाठवणे सोयीचे वाटते, परंतु सगळे फासे बघत असताना एकाच मोबाईलचा स्क्रीन उजळला की गुपित तिथेच फुटते.

हे गुपित फार ताणू नये. एक सेशन, फार तर दीड. त्यापुढे खेळाडूला आपल्याच मित्रांशी खोटे बोलण्याचा कंटाळा येतो आणि इतरांना नंतर फसवल्यासारखे वाटते. सेशन संपण्याच्या अगदी तोंडावर कोणालाही ताब्यात घेऊ नये, हेही महत्त्वाचे. वाशी-नेरूळकडचे खेळाडू ट्रान्स-हार्बर लोकलची वेळ साधून उठतात, आणि अशा घाईत हातात पडलेली गुलामगिरी पुढच्या शनिवारपर्यंत उगाच खुपत राहते.

मग ताब्यातल्या पात्राने साथीदारांवर हल्ला करायचा की नाही?

ॲबोलेथची बुद्धिमत्ता १८ आहे. हाती आलेला गुलाम तो साथीदारांवर सोडून वाया घालवणार नाही. लढाईआधी तो गुलामाकडून बातम्या काढेल, गटाचे दोन भाग पाडेल, वॉटर ब्रीदिंगचा (पाण्याखाली श्वास घेण्याचा) मंत्र कोणाकडे आहे ते विचारून घेईल. लढाईतच वेळ आली तर डीएमने केवळ हेतू सांगावा, जसे की ‘क्लेरिक पाण्याबाहेर जाता कामा नये’, आणि फासे खेळाडूच्या हातात ठेवावेत. एखादा खेळाडू मुद्दाम लुटुपुटूचे वार करत असेल, तर पुढच्या फेरीला डीएमने नेमकी कृती सांगावी. त्यासाठी वाद घालण्याची गरज नाही.

साथीदाराला मारून शुद्धीवर आणता येते, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि खेळाडूंना हे लवकर उमगते. चार्म्ड पात्राला इजा झाली की प्रत्येक वेळी नवा सेव्ह मिळतो. ज्याच्या विज्डम सेव्हमध्ये काहीच भर नाही, त्याचा डीसी १४ चा सेव्ह ६५ टक्के वेळा चुकतो. म्हणजे दोन फटक्यांनंतर तो अजून ताब्यात असण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के, तीन फटक्यांनंतर २७. सेव्हला पाच मिळवणारे पात्र मुळात ४० टक्के वेळाच चुकते. त्यामुळे साथीदारांनी ताब्यातल्या पात्राला चार चापट्या मारणे ही अगदी वैध युक्ती ठरते.

ॲबोलेथला स्वतःलाही हीच अडचण असते. सायकिक ड्रेन या लेजेंडरी ॲक्शनने (इतरांच्या पाळीनंतर करता येणाऱ्या जादा कृतीने) तो आपल्या गुलामाला ३डी६ (सहा बाजूंच्या तीन फाशांच्या बेरजेएवढी) इजा करून तेवढेच हिट पॉइंट्स स्वतः भरून घेतो. तीनपैकी दोन लेजेंडरी ॲक्शन त्यात खर्च होतात, आणि ती इजाही गुलामाला नवा सेव्ह देते. म्हणून चतुर ॲबोलेथ खेळाडूच्या पात्राचे रक्त शोषत नाही. त्यासाठी तो कोपऱ्यात एखादा खलाशी उभा करून ठेवतो. ज्या क्षणी खेळाडूंना कळते की तो राक्षस प्रत्येक फेरीला नाखव्याच्या मुलाचा जीव पिऊन बरा होतो आहे, त्या क्षणी लढाईचा रोख बदलतो: आधी पोराला सोडवायचे की आधी राक्षसाला मारायचे, यावर टेबलावर खरी हुज्जत होते. माझ्या मते या राक्षसाच्या पानावरची ही सर्वांत मोलाची ओळ आहे आणि बहुतेक डीएम ती केवळ हिट पॉइंट्स वाढवण्यासाठी वापरतात.

ॲबोलेथ दिसण्यापूर्वी गावात त्याच्या खुणा कशा पेराव्यात?

खुणा शक्यतो नियमांतूनच काढाव्यात, म्हणजे खेळाडूंनी लावलेला तर्क पुढे खरा ठरतो.

शुंडेचा फटका बसून डीसी १४ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह चुकला की रोग जडतो. एका मिनिटानंतर त्वचा पारदर्शक आणि बुळबुळीत होते, पाण्याबाहेर हिट पॉइंट्स भरून येत नाहीत, आणि अंग ओले केले नाही तर दर दहा मिनिटांनी १डी१२ ॲसिडची इजा होते. आता मे महिन्यातल्या दुपारचा मासळी बाजार डोळ्यांपुढे आणावा. एक म्हातारा तांडेल टोपलीमागे बसला आहे. बोलता बोलता तो बादलीत पंचा बुडवतो, मानेवरून फिरवतो, मग दोन्ही दंडांवरून, आणि पिळत नाही. उन्हाळ्यात हे कोणाला विचित्र वाटणार? खेळाडू भाव करत असताना त्याने चौथ्यांदा पंचा बुडवला की एखादा विचारतो, ‘काका, बरं नाही का तुम्हांला?’ तांडेल म्हणतो, ‘उकाडा रे पोरा’, आणि बाही खाली ओढतो. तेवढे पुरे. बाहीखाली शिरा दिसल्या हे परसेप्शन चेक (निरीक्षणाची फाशांवरची परीक्षा) जमलेल्यालाच सांगावे.

दुसरी खूण पाण्याची. ॲबोलेथच्या राहण्याच्या जागेपासून (लेअर) एक मैलाच्या परिसरातले पाणी नासते, पण ते बाधते फक्त त्याच्या शत्रूंना. ते प्यायल्यावर काही मिनिटांत उलट्या सुरू होतात. म्हणजे एकाच माठातले पाणी यजमान आणि पाहुणे पितात, पाहुणे ओसरीवर ओकत बसतात आणि यजमानाला काहीच होत नाही. खेळाडूंना आधी विषप्रयोगाचा संशय येतो, आणि तो येऊ द्यावा.

तिसरी खूण आपल्या किनाऱ्याच्या रीतीतून मिळते. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. आपल्या गावात मात्र आषाढाच्या अमावास्येला, उधाणाच्या भरतीवर, एक होडी जाळी न घेताच बाहेर पडते आणि पहाटे कोरडी परत येते. याखेरीज रोहित पक्ष्यांचे थवे, जे ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चिखलावर पसरलेले असतात, ते ओहोटीच्या वेळी एका विशिष्ट पट्ट्यावर कधीच उतरत नाहीत. पक्ष्यांची खूण नियमपुस्तकात नाही, पण ती चालून जाते.

तो खेळाडूंच्या मनातले कसे ओळखतो, आणि त्याचा उपयोग कसा करावा?

कोणी त्याच्याशी टेलिपथीने बोलले आणि ते पात्र त्याला दिसत असेल, तर त्या पात्राची सर्वांत तीव्र इच्छा त्याला कळते. त्याची टेलिपथी १२० फुटांपर्यंत पोहोचते, म्हणजे काठावर उभ्या असलेल्या माणसाशी तो गाळाखालून बोलू शकतो. या शक्तीला सेव्ह नाही, आणि म्हणूनच ती चार्मपेक्षा जास्त धोकादायक आहे.

सेशन सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूकडून त्याच्या पात्राची एक इच्छा लिहून घ्यावी. ॲबोलेथने ती खोटी न पाडता अर्धी पुरी करून दाखवावी. पॅलाडिनला हरवलेला भाऊ हवा असेल, तर आवाजाने एवढेच म्हणावे: ‘तुझा भाऊ कुठे बुडाला ते मला माहीत आहे. मी तेव्हा तिथेच होतो.’ पुढे गप्प राहावे. पूर्वजांसह सगळे आठवणाऱ्या प्राण्याकडे खऱ्या माहितीचा एवढा साठा असतो की त्याला थाप मारण्याची गरजच पडत नाही. त्याचा सूर थंड, सभ्य आणि थोडा कंटाळलेला असावा. गडगडाटी हसणे त्याला शोभत नाही.

गुलामाला दिसते ते सगळे ॲबोलेथलाही दिसते का?

नाही. गुलाम म्हणजे सीसीटीव्ही कॅमेरा नव्हे. दोघांमध्ये कितीही अंतरावरून टेलिपथीने बोलणे होऊ शकते, पण गुलामाने जे सांगितले तेवढेच मालकाला कळते. खेळाडूंनी गुलामासमोर चुकीची योजना मुद्दाम मोठ्याने बोलून दाखवली, तर ती चाल यशस्वी होऊ द्यावी.

गुलामाला खाडीपासून दूर नेले तर तो सुटतो का?

लगेच नाही. ॲबोलेथपासून किमान एक मैल अंतरावर असताना २४ तासांतून एकदा नवा सेव्ह करता येतो. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, वाशीच्या खाडीपुलाच्या लांबीपेक्षा किंचित कमी. आपल्या खेळाडूंना असे सांगितले की अंतर झटकन लक्षात येते. रोगही जडलेला असेल तर ताब्यातल्या तांडेलाला बांधून, वाटेत दर दहा मिनिटांनी त्याच्यावर पाणी ओतत एवढे अंतर न्यायचे, हा अर्ध्या सेशनचा उत्तम प्रसंग होतो.

पाण्याखालच्या लढाईचे कोणते नियम पाठ असावेत?

थोडकेच. ज्याला पोहण्याचा वेग नाही, त्याच्या मेली (जवळून केलेल्या, हातघाईच्या) हल्ल्याला डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणे) असते. खंजीर, भाला, जॅव्हलिन, शॉर्टस्वोर्ड आणि त्रिशूळ यांना ही अट लागू नाही. रेंज्ड (दुरून केलेला) हल्ला नॉर्मल रेंजपलीकडे आपोआप चुकतो आणि आतही डिसॲडव्हांटेजने होतो. क्रॉसबो, जाळे आणि फेकण्याची भाल्यासारखी शस्त्रे अपवाद. पाण्यात पूर्ण बुडालेल्याला आगीची इजा निम्मी होते. श्वास एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायरएवढी मिनिटे रोखता येतो. २०१४ च्या नियमांत पाण्याखाली मंत्र म्हणण्यावर बंदी नाही, आणि ती घरचा नियम म्हणून आणू नये. जादूगारांचे अर्धे सेशन त्यात वाया जाते.

वॉटर ब्रीदिंग रिच्युअल म्हणून (रोजच्या मंत्रांचा कोटा न खर्चता, सावकाश विधीने) करता येतो, दहा जणांना पुरतो आणि २४ तास टिकतो. तो मिळाला म्हणून ॲबोलेथची धार जात नाही, कारण त्याच्याभोवतीच्या श्लेष्माचा नियम उलट दिशेने चालतो: पाण्यात त्याला स्पर्श केला किंवा पाच फुटांच्या आतून मेली वार लागला, आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्ह चुकला, तर ते पात्र १डी४ तास फक्त पाण्याखालीच श्वास घेऊ शकते. साथीदाराला वाचवायला त्याला किनाऱ्यावर ओढले, आणि तो तिथे गुदमरू लागला, असे या राक्षसाबाबतच घडते.

लेअर ॲक्शन्सपैकी (राक्षस आपल्या घरात असताना करता येणाऱ्या खास कृतींपैकी) कोणती वापरावी?

पाण्याची झेप. ९० फुटांच्या आतील डबकी उसळतात, आणि जमिनीवर असलेल्यांचा डीसी १४ चा स्ट्रेंग्थ सेव्ह चुकला तर ते २० फुटांपर्यंत पाण्यात ओढले जाऊन आडवे होतात. याला भरतीची जोड द्यावी. लढाई ओहोटीला उघड्या चिखलावर सुरू करावी, दर काही फेऱ्यांनी पाणी पुढे सरकवावे, आणि नकाशावर नवी रेघ ओढावी. उधाण आणि भांग यांतला फरक खेळाडूंनी आधी एखाद्या कोळणीकडून विचारून घेतला असेल, तर त्यांना लढाईचा दिवस निवडता आला पाहिजे.

प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड असेल तर सगळी मजा जात नाही का?

जात नाही. हा पहिल्या लेव्हलचा मंत्र ॲबरेशनच्या (ॲबोलेथ ज्या विकृत जीवांच्या वर्गात येतो त्यांच्या) चार्मपासून पूर्ण संरक्षण देतो आणि आधीच चार्म्ड असलेल्याला नव्या सेव्हवर ॲडव्हांटेज (दोन फाशांतला जास्त आकडा धरणे) देतो, परंतु तो एकाच व्यक्तीवर, दहा मिनिटे, कॉन्सन्ट्रेशनने (मंत्र म्हणणाऱ्याने लक्ष टिकवून) चालतो. ग्रेटर रेस्टोरेशन हा मंत्र चार्म काढतो. मंत्र मोडणारा डिस्पेल मॅजिक उपयोगी पडत नाही, कारण ॲबोलेथची शक्ती हा मंत्र नव्हे. बॅनिशमेंटकडे (जिवाला दुसऱ्या प्लेनवर हाकलणाऱ्या मंत्राकडे) मात्र लक्ष असू द्यावे: ॲबोलेथ क्षणभर दुसऱ्या प्लेनवर गेला तरी अट मोडते, आणि मी अशा वेळी गावातले सर्व गुलाम एकदम सुटतात असाच निकाल देतो. ही चाल सुचलेल्या खेळाडूचे सर्वांसमोर कौतुक करावे.

मनावर ताबा हा विषय सगळ्यांना चालेल का?

आधी विचारावे. आपल्या पात्राचे शरीर आणि इच्छा दुसऱ्याच्या हाती जाणे काहींना खरोखर सहन होत नाही, आणि त्याचे कारण सांगण्याची सक्ती कोणावर करू नये. जॉन स्टाव्ह्रोपूलोस यांनी रूढ केलेले एक्स-कार्ड टेबलावर ठेवावे. कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबवून पुढे जावे. नको म्हणणाऱ्या खेळाडूच्या पात्राऐवजी त्याच्या जवळची एखादी डीएमची व्यक्तिरेखा ताब्यात जाऊ द्यावी. नाट्य तेवढेच राहते.

ॲबोलेथ मेल्यावर गावाचे काय होते?

चार्म त्याच क्षणी सुटतो, रोग मात्र सुटत नाही. पहिल्या मिनिटानंतर तो हील किंवा सहाव्या अथवा त्यावरच्या लेव्हलचा रोगनाशक मंत्र असेल तरच जातो, आणि सातव्या लेव्हलच्या गटाकडे तो नसतो. तेव्हा तांडेलाची बादली सुटलेली नाही, आणि त्याने कोणाकोणाला तिवरांपाशी नेले हे आता त्याच्यासह सर्वांना माहीत आहे. त्याला गावात ठेवायचे की नाही यावर पंचायत बसेल आणि खेळाडूंना साक्षीला बोलावेल; या सभेला पूर्ण सेशन द्यावे. ॲबोलेथचे शरीर मेले तरी त्याचा आत्मा जलतत्त्वाच्या प्लेनवर परत जातो आणि तिथे नवे शरीर घडते. त्याला या पात्रांचे चेहरे, नावे आणि इच्छा आठवत राहतात. कॅम्पेन पंधराव्या लेव्हलपर्यंत जाणार असेल तर सुरुवातीला लिहून घेतलेले इच्छांचे कागद जपून ठेवावेत.

यासाठी पुस्तक विकत घ्यावे लागेल का?

नाही. ॲबोलेथचे मूळ आकडे एसआरडी ५.१ (खेळाच्या नियमांचा मोफत दस्तऐवज) मध्ये आहेत, आणि तो दस्तऐवज जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे. त्याचा मराठी अनुवाद करून आपल्या गटात वाटायलाही हरकत नाही. फक्त श्रेयाची ओळ जशीच्या तशी ठेवावी.